उजव्या बाजूचा स्पीकर

भिंगमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ते काचा घासतात, फ्रेमच्या मापाला आणतात, म्हणून कुणीतरी कधीतरी गमतीने 'भिंगमास्तर' म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलं. पुढच्या दालनात आरसे, दिवे आणि गिऱ्हाइकाला 'किती शोभतंय तुम्हाला' असं दिवसभर सांगणाऱ्या दोन मुली. मागे मास्तर, पाण्याची बादली, सगळ्यावर बसलेला पॉलिशच्या पावडरीचा पांढरा थर, आणि उजव्या हाताला घासायचं मशीन. काच त्या चाकाला लागली की अशी किंचाळते की अंगावर काटा यावा. ती किंचाळी गिऱ्हाइकाच्या कानावर जाऊ नये म्हणून मधलं दार कायम लावलेलं. मास्तरांच्या कानावर गेलेली चालते. पगारात तेही धरलेलं असावं.

मास्तर मुळातच कमी बोलणारे. घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं आणि तिने ते एकहाती सांभाळलं. लेकीला बापाकडून काही हवं असलं तर ती आईला सांगायची, "बाबांना विचार ना, सहलीला जाऊ का." बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले. मग आई म्हणायची, "अहो, ती सहलीला जाऊ का विचारतेय." मास्तर म्हणायचे, "जाऊ दे की." मग आई लेकीला सांगायची, "जा म्हणतायत." असं ते टपाल वर्षानुवर्षं चाललं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि टपालच बंद पडलं.

लेक याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून येते. तिला नोकरी आहे, नवरा आहे, आणि अलीकडे सासूबाईही राहायला आल्या आहेत, म्हणून तिला घरी परतायची घाई असते. ती येते, औषधांच्या डबीत गोळ्या भरते, फ्रिज उघडून आतलं वास घेऊन बघते, एखादी वस्तू नाक मुरडून फेकून देते. मग दाराशी चप्पल चढवत थोडा वेळ उभी राहते आणि जाते. या सगळ्या वेळात तिच्या खांद्यावरची पर्स खाली उतरत नाही. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेले असतात. डावीकडे खिडकीखालचा गजबजलेला रस्ता, दार त्यांच्या उजवीकडे, चार पावलांवर. ती गेली की त्यांच्या लक्षात येतं, चहा घेतेस का, एवढं विचारायचंही राहून गेलं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. लेकीने ती पर्स खाली ठेवावी आणि दोन तास बसावं. बोललं नाही तरी चालेल. बोलण्याचा तसा दोघांनाही सराव नव्हता.

गेल्या वर्षी एकदा ती दाराशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली होती. मास्तरांना डोळ्याच्या कोपऱ्यातून तिची ओढणी दिसत होती. त्यांनी पान उलटलं, थोडं वाचलं, मान वर केली तर दार सताड उघडं आणि लेक नाही. त्यानंतर दर रविवारचं येणं महिन्यावर गेलं. आपल्या हातून काय चुकलं हे मास्तरांनी पुष्कळ दिवस शोधलं. मशीनवर बसून शोधलं, बसमध्ये शोधलं, अंथरुणात पडून शोधलं. काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला की पोरीच्या मनातून आपण उतरलो. आई होती तोवर ती आईसाठी यायची. आता कर्तव्य म्हणून येते, आणि कर्तव्य काय, उभ्या उभ्याही करता येतं.

मग एकदा कपाट आवरताना जुन्या डिस्कचा गठ्ठा सापडला. लेक शाळेत होती तेव्हा शनिवारी संध्याकाळी बाप-लेक सिनेमा लावून बसायचे. भुताचे, चाच्यांचे, वादळात सापडलेल्या बोटींचे. आईला असल्या गोष्टींचं वावडं, ती शेजारणीकडे जायची. म्हणजे घरात टपालखातं नाही, आणि तरी त्या दोन तासांत काही अडत नसे. भीतीचा प्रसंग आला की लेक पाय सोफ्यावर घेऊन मास्तरांची बाही घट्ट पकडायची. संपला की म्हणायची, "मी घाबरले नव्हते." मास्तर म्हणायचे, "मी घाबरलो होतो." त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा विनोद, आणि तो दर शनिवारी चालायचा.

जुना प्लेअर कधीच भंगारात गेला होता. मास्तरांनी ठरवलं, नवा घ्यायचा. आणि नुसता प्लेअर नाही, मागून-पुढून आवाज येतो ते सगळंच घ्यायचं, म्हणजे पोरीला वाटेल की हे आपल्याकडे नाही, हे बघायला बसलं पाहिजे.

दुकानातल्या मुलींना हे कळलं तेव्हा त्या हसून बेजार झाल्या. "मास्तर, मोबाइलवर बघा की सिनेमे! फुकटात!"

"मोबाइलवर दोघं कशी बघणार?" मास्तर म्हणाले.

"दुसरं कोण?" एकीने डोळे मिचकावले. मास्तरांनी मधलं दार लावून घेतलं.

बेत मोठा आणि खिसा बेताचा, म्हणून महिनाभर मास्तरांनी नुसतीच माहिती गोळा केली. रिसीव्हर म्हणजे मधला मुकादम. प्लेअरकडून आवाज घ्यायचा आणि कुठला कुठल्या स्पीकरला ते वाटून द्यायचं. पाच स्पीकरवाला येतो, सातवाला येतो, छतातून आवाज पाडणाराही येतो. पहिल्याच दुकानात मास्तरांना सातवाला गळ्यात मारायला बघत होते. खोली एवढीशी, त्यात सात स्पीकर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या दुकानात काचेच्या एकाच लेपाला तीन नावं होती आणि तीन भाव. खोक्यावर काय छापतात आणि आत काय असतं, हे मागच्या खोलीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही.

शेवटी ते बाजारातल्या एका मध्यम दुकानात स्थिरावले. तिथला विक्रेता तिशीतला, टाय कायम एका बाजूला गेलेला, पण ऐकून घेणारा. त्याने नवीन मॉडेलचं नाव काढलं की मास्तर म्हणायचे, "गेल्या वर्षीचं दाखवा." त्याने गेल्या वर्षीचं दाखवलं की म्हणायचे, "यातलं मांडणीतलं आहे का, खोकं फोडलेलं?" तसं एक होतं. पाच स्पीकरचा रिसीव्हर, झाकणावर लांब ओरखडा. मास्तरांनी त्या ओरखड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हा मी काढीन." मग त्या ओरखड्याच्या नावाने भाव आणखी उतरवला तो वेगळाच.

प्लेअरची परीक्षा त्यांनी घरच्या डिस्कवर घेतली. ती बोटीच्या सिनेमाची होती, सगळ्यात जास्त वापरलेली, म्हणून सगळ्यात जास्त ओरखडलेली. मास्तरांनी ती काचेच्या पॉलिशने मऊ फडक्यावर घासून आणली होती. मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसतात ते अडाणी. दोन स्वस्त प्लेअर तरीही मध्येच अडकले. तिसरा जरा जाडा, कप्पा उघडायला आढेवेढे घेणारा, नव्या पद्धतीच्या डिस्कही वाचणारा, पण त्याने एकदा डिस्क तोंडात घेतल्यावर शेवटपर्यंत सोडली नाही. "हा चालेल," मास्तर म्हणाले. "हळू आहे, पण चिवट आहे." टायवाल्याने तो बाजूला काढून ठेवला.

मग आवाज ऐकायची खोली. भिंतींना जाड कापड, मंद दिवा, मधोमध एक खुर्ची आणि चहूबाजूंना स्पीकर. टायवाल्याने एक नमुना लावला. डोक्यावरून हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, तसला. मास्तर सरळ बसले आणि त्यांनी उजव्या कानावर तळवा दाबून धरला.

"काका, काय झालं? मोठा झाला का?"

"नाही. एका वेळी एक," मास्तर म्हणाले. "दोन्ही उघडे ठेवले की चांगला वाइटाला सांभाळून घेतो. आमच्याकडे डोळे असेच तपासतात."

टायवाला हसला, पण त्याला ते पटलेलं दिसलं. डाव्या कानाने हेलिकॉप्टर छान ऐकू आलं. मग मास्तरांनी हात बदलला. डावा झाकला, उजवा उघडा. हेलिकॉप्टर गेलं. होतं कुठेतरी, लांब डोंगरापलीकडे, पण खोलीत नव्हतं.

"उजवीकडचा बिघडलाय," मास्तरांनी निदान केलं.

टायवाल्याने जाऊन कान लावला. "वाजतोय की."

"वाजत नाही. वायर बघा."

त्याने वायर बदलली. तेच. स्पीकर बदलला. तेच. ओरखडेवाला रिसीव्हर काढून नवाकोरा महागातला जोडला. तरी तेच. टायवाला घामाघूम झाला आणि मास्तरांना मात्र जोर चढला. "तुमचा सगळा मालच एका बाजूने आजारी आहे," ते म्हणाले. "बरं झालं मी तपासून घेतोय. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मास्तरांनी हजार वेळा ऐकली असेल. पण म्हणी नेहमी दुसऱ्यांसाठी असतात.

टायवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. मग अगदी हळू, चूक त्याचीच असल्यासारखं म्हणाला, "काका, जरा पाठ फिरवून बसता का?"

मास्तर खुर्ची फिरवून बसले. त्याने पुन्हा तेच लावलं. आता ज्याला ते मेलेला म्हणत होते तो स्पीकर त्यांच्या डावीकडे होता, आणि खणखणीत वाजत होता. मेला होता तो दुसरा, जो मघाशी उत्तम होता. मास्तरांनी डावा कान झाकला. हेलिकॉप्टर डोंगरापलीकडे गेलं. हात काढला, परत आलं. पुन्हा झाकला. स्पीकर जागच्या जागी होते. फिरले होते ते फक्त मास्तर.

इतक्या वर्षांत किती गिऱ्हाइकं चष्मा आपटत आली होती. 'चुकीचा नंबर घातलाय, धूसर दिसतंय.' मास्तर काच पुन्हा मोजायचे आणि मधलं दार किलकिलं करून पुढच्या मुलींना सांगायचे, "काच बरोबर आहे. डोळा बघा म्हणावं." आणि दार लावून एकटेच हसायचे. ते सगळं हसू आता या जाड कापडाच्या खोलीत त्यांच्याकडे परत आलं होतं.

"काका, कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवता का?" टायवाला म्हणाला. "माझ्या वडिलांचंही..."

"वायर बघा एकदा," मास्तर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात आता जीव नव्हता, आणि टायवाला भला माणूस, त्याने खरंच वाकून वायर बघितली.

तरी मास्तरांनी माल घेतला. रिसीव्हर मांडीवर, प्लेअर पायाशी आणि स्पीकरचं खोकं बाजूच्या सीटवर ठेवून बसने घरी आले. वाटेत त्यांनी एक गोष्ट ठरवली. हे लेकीला सांगायचं नाही. सांगितलं तर ती औषधांच्या डबीशेजारी आणखी एक डबी ठेवेल, डॉक्टरांची वेळ घेईल, सगळं नीट करेल आणि सगळं उभ्यानेच करेल. त्यांना तिचं कर्तव्य वाढवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. डोळे गेलेला माणूस बिचारा असतो, कान गेलेला माणूस चेष्टेचा विषय होतो. लाज वाटली की माणूस लाजेच्या पलीकडचं काही बघत नाही. मास्तरांनीही बघितलं नाही.

घरी जोडणी करायला दोन संध्याकाळी गेल्या. रिसीव्हरबरोबर एक चिमुकला माइक आला होता. तो बसायच्या जागी ठेवला की यंत्र स्वतःच प्रत्येक स्पीकरमधून खर्रर असा आवाज काढून ऐकतं आणि सगळ्यांना सारखं करतं. मास्तरांनी तसं केलं. यंत्राने पाचही स्पीकर समान करून दिले, आणि मास्तरांना अर्थातच अर्धी खोली ऐकू आली.

माइकचे कान शाबूत, त्याला काय कळणार! मास्तरांनी रिमोट घेतला. प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता-कमी करता येतो हे त्यांनी माहितीच्या पुस्तिकेत वाचलं होतं. पुढचा उजवा दोन घरं वाढवला. मागचा उजवा तीन घरं. अजून लंगडं वाटत होतं. अजून वाढवला. बसून बघितलं, उठून बघितलं, एकेक घर वर-खाली केलं, पुन्हा बसले. काच अशीच उतरते, एकदम नाही. शेवटी दोन्ही उजवे जवळजवळ टोकाला गेले तेव्हा हेलिकॉप्टर डाव्या कानापासून निघून, डोक्यावरून जाऊन, उजव्या कानाशी नीट पोचलं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते चार वेळा उडवलं. रिकाम्या सोफ्याकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "जमलं!" सोफा काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी उजव्या भिंतीपलीकडचे शेजारी जिन्यात भेटले. त्यांनी मास्तरांना थांबवून हातवारे करत विचारलं, "काल तुमच्याकडे भिंत पाडत होते काय?"

"सिनेमा होता," मास्तर म्हणाले. शेजाऱ्यांचा चेहरा बघून त्यांना वाटलं, लोकांना दुसऱ्याकडे काही नवीन आलेलं बघवत नाही.

मग त्यांनी लेकीला फोन केला. फोन ते नेहमी डाव्या कानाला लावतात. का, याचा विचार त्यांनी आजवर केला नव्हता.

"बाबा? काय झालं? बरं नाही का?" फोन त्यांचा आला म्हणजे काहीतरी बिनसलंच असणार, असं तिने धरलं होतं. यातच सगळं आलं.

"बरं आहे. रविवारी दुपारी येतेस का? सिनेमा लावतो."

"सिनेमा?"

"बोटीचा."

"बाबा, घरी सासूबाई एकट्या असतात, मी जास्त वेळ नाही..." ती थांबली. "बघते."

बघते म्हणजे येत नाही, हे जगातल्या सगळ्या बापांना माहीत असतं. तरी मास्तरांनी रविवारी सकाळी सोफ्याची धूळ झटकली, रिसीव्हरच्या झाकणावरचा ओरखडा पुन्हा एकदा पॉलिश केला, पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर न घेता बसून राहिले. दुपार कलायला लागली. मास्तरांनी दोनदा चहाचं आधण ठेवलं आणि दोनदा बंद केलं.

ती आली. घामाघूम, पर्स खांद्यावर. अंधार बघून दारातच थबकली. मग तिला तो रिसीव्हर दिसला, कोपऱ्यातले स्पीकर दिसले, भिंतीच्या कडेने मास्तरांनी ओळीत चिकटवलेल्या वायरी दिसल्या, आणि ती मास्तरांकडे बघत राहिली. मास्तरांनी हाताने सोफा दाखवला. ती बसली. अगदी कडेवर, पर्स मांडीवर घेऊन, पण बसली. मास्तर तिच्या शेजारी बसले. ती त्यांच्या उजवीकडे, दाराच्या बाजूला. सिनेमा सुरू झाला.

बोट बंदरातून निघाली. दोरखंड करकरले, पक्षी ओरडले. मास्तर पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. तिचा हात हळूच उजव्या कानावर गेला. मग तिने मान तिरपी केली. मास्तरांना वाटलं, ऐकतेय, रंगलीय. वादळ आलं. आणि पहिली मोठी लाट बोटीच्या उजव्या अंगावर आदळली तशी लेक किंचाळून सोफ्यावरून उठलीच. पर्स जमिनीवर पडली. किल्ल्या, कंगवा, बसची तिकिटं, सगळं इकडेतिकडे झालं.

"बाबा! बंद करा, बंद करा!"

मास्तरांनी घाईने सिनेमा थांबवला. ते हसत होते. "घाबरलीस ना?"

"घाबरले कसली, कान फुटला माझा! हा उजवीकडचा केवढा मोठा ठेवलाय! डावीकडून काहीच येत नाही."

"काहीतरीच काय. दोन्ही सारखे तर आहेत," मास्तर म्हणून गेले. मग त्यांनी जीभ चावली, पण शब्द बाहेर पडला तो पडला. आयुष्यभर त्यांनी चष्मे डोळ्याच्या नंबराप्रमाणे केले होते. इथे त्यांनी नंबर डोळ्याऐवजी पुस्तकालाच घातला होता, आणि ते पुस्तक आता दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं होतं.

लेक त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग त्यांच्या उजव्या बाजूला वाकली. मास्तर थांबलेल्या बोटीकडे बघत होते, बघण्यासारखं त्या चित्रात काही नसलं तरी. थोड्या वेळाने ती सोफ्याला वळसा घालून डावीकडे आली आणि म्हणाली, "आत्ता मी काय म्हटलं?"

"कधी?"

"आत्ता. तिकडून."

"तू काही म्हणालीस?"

लेक खाली जमिनीवरच बसली, सांडलेल्या किल्ल्यांच्या शेजारी.

"कधीपासून आहे हे?"

"कोण जाणे. हे घ्यायला गेलो तेव्हा कळलं. आधी मला वाटलं, स्पीकर बिघडलाय." मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला. "मशीन उजवीकडे असतं ना दुकानात. विशेष काही नाही. डावा उत्तम आहे."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चमत्कारिक झाला होता. "जाताना मी दाराशी उभी राहून बोलते. ते?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "तू बोलतेस?" ते म्हणाले. "मला वाटायचं, तू गोळ्या ठेवतेस आणि जातेस."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मास्तरांना काय करावं कळेना. बायको असती तर तिने सांगितलं असतं, अहो, ती रडतेय, तिच्या पाठीवरून हात फिरवा. आता सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने हात फिरवला.

"काय बोलायचीस?" त्यांनी विचारलं.

"रोजचंच. ऑफिसातलं. आईची आठवण आली की आईचं." तिने नाक पुसलं. "मला वाटायचं, तुम्हाला त्या गोष्टी नको आहेत. तुम्ही पेपर वाचत राहायचात. आणि एक विचारलं होतं. दोनदा."

"काय?"

"आमच्याकडे राहायला येता का. आई गेल्यावर लगेच एकदा विचारलं. मग गेल्या वर्षी. आमची मागची खोली मी रिकामी केली होती, रंग दिला होता. तुम्हाला खिडकीशी बसायला लागतं म्हणून पलंग त्या बाजूला लावला होता. फोनवर नको, समोरासमोर विचारू म्हणून आले होते. हे सगळं मी दाराशी मान खाली घालून सांगत होते. पोरगी स्वतःच्या बापाला घरी ये म्हणतेय आणि तिलाच लाज वाटतेय. आपल्या घरात कुणी कुणाला सरळ कधी काही विचारलं होतं?"

"मग? मी काय म्हटलं?"

"तुम्ही पान उलटलंत."

ते पान मास्तरांना आठवलं. ओढणी आठवली, उघडं दार आठवलं. वर्षभर ज्याची कारणं ते शोधत फिरले ते हेच होतं. पोरीच्या मनातून ते उतरले नव्हते. पोरीलाच वाटलं होतं की ती बापाच्या मनात नाही. दोघं आपापल्या घरात बसून एकच दुःख करत होते आणि दोघांनाही वाटत होतं की ते फक्त आपलं आहे. पोरीच्या जन्मापासून पहिल्यांदाच मास्तर तिच्यासमोर रडले. फार नाही. पण लपवलं नाही.

"विचार आता," ते म्हणाले.

"बाबा..." लेकीने त्यांचा हात धरला. "आता त्या खोलीत सासूबाई आहेत. त्यांना जिने झेपत नाहीत, म्हणून त्यांचं वरच्या मजल्यावरचं घर सोडलं. आता त्यांना कुठे..."

"ठाऊक आहे मला. त्यांनी राहायलाच हवं तिथे."

"मग?"

"तरी विचार."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून सोफ्यावर त्यांच्या डाव्या बाजूला बसली, जवळ सरकली, आणि शाळेतल्या मुलीने पाठ केलेलं म्हणावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे राहायला येता का?"

"येतो," मास्तर म्हणाले. "ऐकलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो, पोरी."